गोंदियाहून मिरजेला, एका गवयाच्या भेटीला

आमच्या गोंदियात चौकाचौकांत पुतळे आहेत. देशासाठी, समाजासाठी झटलेली माणसे उन्हापावसात उभी असतात, जयंतीला त्यांना हार पडतात, पुण्यतिथीला भाषणे होतात. पण गाणाऱ्या माणसाचा पुतळा आमच्या पाहण्यात नाही. हा विचार डोक्यात यायचे कारण म्हणजे आमच्या खालाचा मुलगा. तो जहाजावर नोकरीला आहे. त्याची बोट ब्राझीलच्या रिओ शहरात थांबली होती, तेव्हा त्याने घरच्या सगळ्यांना एक फोटो पाठवला. समुद्राकाठचा पदपथ, मागे लाटा, आणि खांद्यावर गिटार टाकून चालत निघालेला एक माणूस. माणूस काशाचा. त्याच्या गळ्यात हात टाकून आमचा भाऊ उभा.

तो पुतळा अंतोनियो कार्लोस जोबिम यांचा. ब्राझीलमध्ये त्यांना लाडाने टॉम जोबिम म्हणतात. जन्म १९२७ चा, रिओचाच. इपानेमा नावाच्या समुद्रकाठच्या वस्तीत ते लहानाचे मोठे झाले आणि १९६२ साली त्यांनी व कवी विनिसियस द मोराइस यांनी मिळून त्या वस्तीतल्या एका मुलीवर जे गाणे रचले, ते पुढे जगभर गेले. ८ डिसेंबर १९९४ ला त्यांचे निधन झाले आणि बरोबर वीस वर्षांनी, ८ डिसेंबर २०१४ ला, हा पुतळा तेथे उभा राहिला. क्रिस्टिना मोटा या शिल्पकर्तीने तो घडवला. खाली चौथरा नाही, भोवती कठडा नाही. माणसाच्या उंचीचा माणूस, रस्त्यावरच्या इतर माणसांत मिसळून चाललेला. शहराच्या मोठ्या विमानतळालाही त्यांचेच नाव आहे. एखाद्या देशाने आपल्या मोठ्या शहराच्या दारावर संगीतकाराचे नाव लावावे, याचे आम्हाला मोठे अप्रूप वाटले.

त्याच शहरात बाकावर बसलेल्या एका कवीचाही पुतळा आहे, कार्लोस द्रुमोंद यांचा. त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा लोक पुन्हा पुन्हा चोरून नेतात. म्हणजे चोर सगळीकडे सारखेच.

रात्री दस्तरखानावर हा फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरला. धाकटीने विचारले, "अब्बू, आपल्याकडे असा गाणाऱ्याचा पुतळा कुठे आहे?" आमच्या अम्मीने चष्मा वर करून फोटो नीट पाहिला. पुतळे, मूर्ती आमच्या घरात नाहीत, तसा रिवाज नाही. त्यामुळे तिने पुतळ्याबद्दल काही म्हटले नाही, फक्त एवढेच विचारले, "याची कबर कुठाय? तिथे कोणी जाते का?" त्या प्रश्नावर सगळे थोडे गप्प झाले. मग घरातले थोरले, आमचे बडे अब्बा, म्हणाले, "आपल्याला गवयाला भेटायचे तर मिरजेला जायला पाहिजे. गाडी तर आपल्या दारातूनच सुटते."

बडे अब्बांकडे जुन्या कॅसेट आहेत. त्यांतली एक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची. टेप वाजायला लागली की आधी नुसती खरखर, मग त्या खरखरीतून एक बारीक, गोड, लांबच लांब सूर. आम्ही लहानपणी त्याला "बडे अब्बांचे रडणे गाणे" म्हणायचो. कोण गाते, कुठला माणूस, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. शाळेच्या पुस्तकात नाव नव्हते, मोहल्ल्यात कोणी घेत नव्हते.

गाडीबद्दल बडे अब्बा म्हणाले ते खरेच आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून सुटते आणि कोल्हापूरला जाऊन थांबते. राज्याचे हे टोक ते ते टोक. एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र गाडी धावते आणि तरीही महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकत नाही. कोल्हापूरच्या थोडे आधी मिरज लागते. आमच्या गोंदियाला मुंबई-हावडा लाइनीवरचे मोठे जंक्शन म्हणून ओळख आहे, बालाघाटकडे आणि चांदा फोर्टकडे येथूनच फाटे फुटतात. गाड्या मोजतच आम्ही मोठे झालो. पण या गाडीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे पाहायला आम्हाला कोल्हापूरच्या एका लग्नाचे निमित्त लागले. लग्नाच्या दोन दिवस आधी निघायचे आणि मिरजेला उतरायचे, असे ठरले.

सकाळी गाडी सुटली. तिरोडा, तुमसर, भंडारा रोड, सगळीकडे धानाच्या बांध्या. दुपारी वर्धा, बडनेरा, अकोल्याकडे कापूस आणि काळी माती. जळगाव-मनमाडला रात्र झाली. नगर, दौंड, पुणे झोपेत गेले. सकाळी डोळे उघडले तर साताऱ्याच्या पुढे डोंगर आणि मग ऊसच ऊस. डब्यातली भाषासुद्धा बदलली. रात्री शेजारी "का बे" म्हणणारे होते, सकाळी "काय रं, सरक की जरा" म्हणणारे. डबे उघडले तेव्हा कराडला चढलेल्या एका काकूंनी आमच्या मुलीला भाकरी आणि खर्डा दिला. तिचे डोळे पाण्याने भरले, पण तिने आणखी मागितला.

मिरज हे गाव दवाखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. १८९४ पासून येथे मिशनचा दवाखाना आहे, डॉ. विल्यम वानलेस यांनी सुरू केलेला, आणि आजही कर्नाटकातून रोग्यांच्या गाड्या येतात. स्टेशनवर रिक्षावाले आधी विचारतात, "कुठला दवाखाना?" आम्ही म्हटले, "मिरासाहेब दर्गा." रिक्षावाल्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "चला की, जवळच आहे."

ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांचा हा दर्गा. मिरजेत सगळे त्यांना मिरासाहेबच म्हणतात. येथे सगळ्या समाजांची माणसे येतात, आणि उरुसाची एक रीत आम्हाला फार आवडली. पहिला गलेफ चढवण्याचा मान येथे चर्मकार समाजाचा असतो, ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्यांना गावात इतर ठिकाणी शेवटी उभे केले गेले, ते येथे सर्वांत आधी.

जियारत झाल्यावर आम्ही आवारात विचारले, "अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर कुठे?" एका मुलाने बोट दाखवले. आम्ही गेलो. बडे अब्बांनी टोपी नीट केली, हात उचलले आणि फातेहा पढली. चौथऱ्यावर उभा केलेला माणूस येथे नाही, हातात तानपुरा दिलेली प्रतिमा नाही. संताच्या सावलीत एक गवई झोपला आहे, एवढेच.

धाकटीने विचारले, "हे इथे कसे आले?" तिला जे सांगितले ते येथे थोडे मोठे करून लिहितो.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली कैराण्याचा. हे गाव आज उत्तर प्रदेशच्या शामली जिल्ह्यात आहे. त्यांच्या घराण्याला किराणा घराणे म्हणतात ते त्या गावावरूनच. पुष्कळांना वाटते की किराणा दुकानाशी काही संबंध असेल. आमच्या मुलीलाही तेच वाटले. घरात गाणे-सारंगी पिढीजात. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक झाले. तेथे सरदार माने यांच्या घरातील ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत. दोघांनी लग्न करायचे ठरवले आणि बडोदे सोडले. पुढे मुंबई, मिरज, पुणे, बेळगाव असा त्यांचा संसार हलत राहिला. मिरजेत आजारपणात त्यांनी मिरासाहेबांच्या दारात सेवा केली आणि बरे झाल्यावर या दाराशी कायमचे बांधले गेले, असे मिरजेत सांगतात. दरवर्षी उरुसाला ते येथे गाऊन हजेरी लावत.

हजेरी हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. मैफलीत गवई बिदागी घेतो, उरुसात तो हजेरी देतो. शाळेत "हजर" म्हणतो तसे. ऐकणारा वरचा असतो.

उत्तरेकडचा हा माणूस मराठी मुलखाचा इतका झाला की त्यांनी मराठी नाटकांतली पदे गाऊन तबकड्या भरल्या. 'मानापमान' नाटकातले एक पद त्यांच्या आवाजात आजही ऐकायला मिळते. उर्दू बोलणाऱ्या गळ्यातून ते मराठी शब्द थोडे वेगळे वळण घेऊन येतात आणि तेच गोड वाटते. आपल्यापैकी ज्यांच्या मराठीला कोणी कधी हसले असेल, त्यांनी ते पद अवश्य ऐकावे. दक्षिणेत, म्हैसूरकडे ते गेले, कर्नाटक संगीत शिकले, त्यागराजांची कृतीही त्यांनी रेकॉर्ड केली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स हे श्रुतींचा, म्हणजे सुरांतल्या बारीक अंतरांचा, अभ्यास करत होते. तेव्हा मोजमापासाठी त्यांनी गळा निवडला तो खाँसाहेबांचा. टिपू नावाच्या एका कुत्र्यालाही त्यांनी सुरात सूर मिळवायला शिकवले होते. हे ऐकल्यावर धाकटीला खाँसाहेब एकदम आवडू लागले.

१९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. मुले घरीच राहत, जेवत, शिकत. सवाई गंधर्व म्हणून पुढे गाजलेले रामभाऊ कुंदगोळकर हे त्यांचे शिष्य. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर. पुण्यात १९५३ पासून जो सवाई गंधर्व महोत्सव भरतो आणि ज्याला हजारो माणसे शाली पांघरून बसतात, त्याचे मूळ शोधत गेले तर ते या आवारात येऊन थांबते. खाँसाहेबांचे मोठे चरित्रही मराठीतच आहे. लिहिले त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी. उस्ताद मुसलमान, शिष्य हिंदू, भाषा मराठी. तेव्हा याचे कोणाला नवल वाटले नसावे.

घरात मात्र सुख टिकले नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी आईचे माने हे आडनाव लावले. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, सकीना सरस्वतीबाई राणे म्हणून गाजल्या. थोरली हिराबाई बडोदेकर, जन्म १९०५ चा, मिरजेचाच. चांगल्या घरच्या बाईने तिकीट लावून, लोकांसमोर बसून गावे, हे त्यांच्यामुळे महाराष्ट्राला पटले. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. बाप दूर, पण गळ्यात बापाचाच सूर. आमच्या अम्मीला हा भाग ऐकवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "औलादीने नाव बदलले, आवाज कसा बदलणार?"

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासकडे गेले होते. तेथून पाँडिचेरीला निघाले असता गाडीत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाल कोईल नावाचे एक छोटे स्टेशन आहे, तेथे ते उतरले. फलाटावर बिछाना घातला. त्यांनी नमाज पढली, मग दरबारी रागात सूर लावला आणि तसेच ते गेले. तारीख २७ ऑक्टोबर. मय्यत तेथून मिरजेला आणली. आम्ही जंक्शनच्या गावची माणसे. फलाटावर चादर पसरून झोपलेली माणसे आम्ही रोज पाहतो. त्यांच्यातला एखादा कोण असेल, कोणास ठाऊक, हे तेव्हापासून मनात येते.

आता एक गोष्ट खुलेपणाने लिहिली पाहिजे, कारण हे मासिक आपल्या घरांत वाचले जाते. संगीताबद्दल आपल्यात एक मत नाही. आमच्याच घरात नाही. आमच्यासोबत आलेले धाकटे चाचा वाद्य ऐकत नाहीत, लग्नातही बाजा वाजू लागला की उठून बाहेर जातात. त्यांनी मिरासाहेबांची जियारत केली आणि ते बाजूला उभे राहिले. बडे अब्बा खाँसाहेबांच्या कबरीशी बसले तेव्हा चाचाही हळूच आले. म्हणाले, "गाण्याचे मला माहीत नाही. पण जो शेवटची नमाज फलाटावर पढून गेला, त्याच्यासाठी दुआ मागायला माझे काय जाते?" आणि त्यांनी हात उचलले. दोघा भावांचा वाद यावर मिटला असे नाही. कोल्हापूरच्या लग्नात चाचा पुन्हा उठून बाहेर गेलेच. पण त्या दिवशी दोघे शेजारी उभे होते आणि आम्हा पोरांना तेवढे पुरले.

गवयाने संताच्या पायाशी विसावा घ्यावा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. दिल्लीत अमीर खुस्रो हजरत निजामुद्दीन यांच्या जवळ आहेत. ग्वाल्हेरला तानसेनची कबर मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी आहे, तेथे दरवर्षी तानसेन समारोह भरतो, आणि जवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा सुधारतो असे मानून गाणारे तो तोडून खातात. ज्याचा पुतळा करता येत नाही, त्याच्या कबरीजवळ लोक गातात. मिरजेतही तसेच. खाँसाहेबांच्या नावाने उरुसात संगीत सभा भरते, मोठमोठे कलावंत येऊन हजेरी लावतात. हिराबाई येथे गायल्या, गंगूबाई गायल्या, भीमसेन गायले. रिओच्या पुतळ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो निघतो, तसा येथे निघत नाही. येथे यायचे तर काहीतरी म्हणावे लागते, निदान फातेहा तरी.

कबर पुतळ्यापेक्षा सुरक्षित असते असे मात्र नाही. बडोद्यात उस्ताद फैयाज खाँ यांच्या कबरीची २००२ च्या दंगलीत नासधूस झाली. मिरजही काही स्वर्ग नाही. २००९ साली गणेशोत्सवाच्या वेळी येथे दंगल पेटली होती. हे गाव गाण्याने सगळे दुखणे बरे करते, असे लिहिले तर मिरजेचीच माणसे हसतील. पण २००९ नंतरही दर्ग्यात सभा भरत राहिली.

दर्ग्यातून आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो. खरे सांगायचे तर मिरजेला जाऊन ही गल्ली पाहिली नाही तर अर्धी मिरज राहून जाते. लहान लहान दुकाने, बाहेर भोपळे टांगलेले, आत लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. ही वाद्ये करणारी बहुतेक घराणी शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, तलवारी-भाले घडवणारे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचे राज्य पक्के झाले, संस्थानांच्या फौजा सुटल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या शिकलगारांनी मोडक्या सतारी दुरुस्त करायला घेतल्या, मग नव्या करू लागले. तलवारीचे हात तारांकडे वळले. पोटासाठी वळले, हेही खरे. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन, गावात मोठे गवई येऊन राहिलेले, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे शिकवत आणि विष्णु दिगंबर पलुस्कर येथेच त्यांच्याकडे शिकले. पलुस्करांचा जन्मही १८७२ चा, आणि १९३१ साली त्यांनी देह ठेवला तोही मिरजेत. एकाच साली जन्मलेले हे दोघे, एक बुवा आणि एक खाँसाहेब, आणि दोघांचा शेवटचा मुक्काम एकच गाव.

आम्ही ज्या दुकानात शिरलो तेथील चाचांनी विचारले, "कुठनं आलासा?" गोंदिया म्हटल्यावर म्हणाले, "लई लांबनं आला की! बसा, चहा घ्या." आणि मग चहा येईपर्यंत, पिऊन होईपर्यंत आणि नंतरही त्यांनी आमच्या मुलीला तानपुरा कसा होतो ते दाखवले.

भोपळा भीमेच्या काठचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. हा खायचा भोपळा नव्हे, कडू आणि जाड सालीचा. वेलावरच तो मोठा होऊ देतात, काढल्यावर नीट वाळवतात, मग कापून, भिजवून त्याला हवा तो आकार देतात. वर तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली बसते. नक्षी करतात, पॉलिश चढवतात, खुंट्या बसवतात, मग चार तारा. एक पंचमाची, दोन षड्जाच्या जोडीच्या आणि एक खर्जाची. बाईच्या आवाजाचा तानपुरा लहान, पुरुषाचा मोठा. इथपर्यंत सुताराचे काम, असे चाचा म्हणाले. पुढचे काम जवारीचे. तारा ज्या घोडीवरून जातात तिची पाठ कानसीने इतकी हलकी घासायची की तार तिच्यावर नुसती टेकावी. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. तो केसभर पुढे-मागे केला की एका जागी तार अचानक बोलू लागते. त्यांनी करून दाखवले. आधी नुसता टण्ण आवाज. धागा सरकला आणि सगळे दुकान घुमू लागले, जणू भिंतीत कोणी मधमाश्यांचे पोळे लावले आहे. धाकटीने हात तोंडावर ठेवला.

"खाँसाहेब स्वतः हे सगळं करायचे," चाचा म्हणाले. हे आम्ही आधी वाचले होते, पण कारागिराच्या तोंडून ऐकणे वेगळे. अब्दुल करीम खाँ वाद्यांच्या दुरुस्तीत वाकबगार होते. तानपुरा मनासारखा लागल्याशिवाय ते तोंड उघडत नसत.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, नागपूरच्या संत्र्याला आहे तसे. चाचांना त्याचा आनंद आहे, पण पोटाचा प्रश्न सुटला का, विचारल्यावर त्यांनी खिशातला फोन काढून दाखवला. "तानपुरा आता यात वाजतो. फुकट. आधी डबा आला इलेक्ट्रॉनिक, आता हे." त्यांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. एका तानपुऱ्याला आठवडे लागतात, तेवढ्या मजुरीत आजची पोरे बसत नाहीत. पुतण्या मात्र शिकतो आहे, तो कोपऱ्यात खुंटी तासत बसला होता आणि आमच्याकडे पाहून हसला. चाचा म्हणाले, "उरुसाला जे गायला येतात, ते तानपुरा लावून घ्यायला आधी इथं येतात. तोवर आमचं नाव चालतंय."

आम्ही तानपुरा घेतला नाही. एवढे पैसे सोबत नव्हते, आणि घरी तो वाजवणार कोण? मुलीने जवारीच्या धाग्याचा एक तुकडा मागितला. चाचांनी दिला आणि पैसे घेतले नाहीत.

परतीच्या गाडीत चर्चा पुन्हा गोंदियाकडे वळली. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. धान कापणीला आलेले असते, पाहुणे येतात, आणि रात्रभर दंडार, खडी गंमत चालते. शाहीर डफावर उभा राहतो, पहाटेपर्यंत सवाल-जवाब होतात. झाडीपट्टीची नाटके तर फेब्रुवारीपर्यंत सुरू असतात, आणि नाटकात ऑर्गन वाजवणाऱ्याला लोक नटापेक्षा जास्त ओळखतात. लहानपणी आम्ही घोंगड्या घेऊन जायचो, पुढच्या रांगेत बसायचो. त्या शाहिरांची नावे आता आम्हा कोणालाही आठवेनात. बडे अब्बांनी दोन-तीन सांगितली, गावांची नावेही सांगितली, पण ते म्हणाले की त्यांच्या घरी आता कोणी गात नाही.

धाकटीने विचारले, "मग त्यांचा पुतळा?"

"पुतळ्याला पैसे लागतात," बडे अब्बा म्हणाले. "आधी नावे तर लिहून ठेव."

तिने बॅगेतून वही काढली. नागपूर मागे पडले होते, गाडी भंडाऱ्याकडे धावत होती. बडे अब्बा डोळे मिटून एक एक नाव आठवत होते आणि ती लिहीत होती. शाहिराचे नाव, मग गाव, मग तालुका. धाकटे चाचा समोरच्या बर्थवर आडवे झाले होते. एका नावापाशी बडे अब्बा अडले तेव्हा ते डोळे न उघडताच म्हणाले, "आमगावकडचा होता तो. आवाज चांगला होता."